अँजिओप्लास्टीच्या आदल्या रात्रीच्या गोळ्या

अँजिओप्लास्टी उद्या सकाळी ठरलेली असते. रात्री परिचारिका येते, रुग्णाच्या तळहातावर चार-पाच गोळ्या ठेवते आणि "या सगळ्या आत्ता घ्या" असं सांगून पुढच्या खाटेकडे वळते. शेजारी बसलेलं घरचं माणूस विचारतं, "कशाच्या आहेत?" बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "हृदयासाठी."

उत्तर खोटं नाही. पण ते ऐकून आपल्याला वाटतं, उद्या हृदयावर ताण येणार आहे म्हणून त्याला आज ताकद देताहेत. परीक्षेच्या आधी मुलाला दूध पाजावं, तसं काहीतरी. प्रत्यक्षात त्या गोळ्यांपैकी जवळजवळ एकही हृदयाच्या स्नायूला ताकद देत नाही. त्यांची राखण असते ती स्नायूला रक्त नेणाऱ्या नळ्यांवर आणि त्या नळ्यांतून वाहणाऱ्या रक्तावर. खुद्द स्नायूलाच आधीपासून तयार करून ठेवणारं औषध शोधायचा प्रयत्न गेली चाळीस वर्षं चालू आहे. प्रयोगशाळेत तो पुन्हा पुन्हा यशस्वी झाला आणि माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा फसला. हे दोन्ही नीट कळलं, की आदल्या रात्रीची ती मूठभर औषधं वेगळी दिसू लागतात.

धोका नेमका कुठे असतो

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी जागत्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. धमनीच्या आत साचलेला चरबीचा आणि चुन्याचा थर, ज्याला प्लाक म्हणतात, तो फुग्यानं भिंतीकडे दाबायचा आणि वाट मोकळी करायची, ही कल्पना. १९८६पासून त्या जागी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायला सुरुवात झाली. आज हे काम मनगटातल्या धमनीतून तार घालून, बऱ्याचदा तासाभरात उरकतं, आणि बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात.

तरीही धमनीच्या दृष्टीनं पाहिलं तर ही मारहाणच आहे. फुग्यातला दाब गाडीच्या चाकातल्या हवेच्या कितीतरी पट असतो. प्लाक दाबला जातो तेव्हा त्याला भेगा पडतात. आतला मऊ, चिकट ऐवज उघडा पडतो आणि त्याचे बारीक कण प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. पुढच्या केसाएवढ्या वाहिन्यांत ते अडकले, की तिथला स्नायूचा ठिपकाएवढा भाग उपाशी राहतो. कधी मुख्य धमनी उघडताना तिच्या बगलेची छोटी फांदी मिटते. कधी धमनी आकसते. आणि सगळ्यात भीतीचं म्हणजे, भेग पडलेल्या जागेला शरीर जखम समजतं आणि तिथे रक्ताची गुठळी बांधायला धावतं. कधी मोठी वाट उघडूनही रक्त पुढे सरकतच नाही, कारण खालच्या बारीक वाहिन्या कचऱ्यानं, सुजेनं आणि आकुंचनानं बंद झालेल्या असतात. हार्ट अटॅकमध्ये केलेल्या अँजिओप्लास्टीत हे जास्त दिसतं. पडद्यावर धमनी छान उघडलेली दिसते आणि स्नायूपर्यंत रक्त मात्र पोचत नाही.

हे नुकसान मोजायला ट्रोपोनिन नावाचं प्रथिन उपयोगी पडतं. ते एरवी स्नायूच्या पेशीच्या आत असतं. पेशी फुटली की रक्तात येतं. ठरवून केलेल्या, सगळं सुरळीत पार पडलेल्या अँजिओप्लास्टीनंतरही बऱ्याच रुग्णांत ट्रोपोनिन थोडं वाढलेलं सापडतं. रुग्णाला काही जाणवत नाही, ईसीजीत काही दिसत नाही. याला लगेच अटॅक म्हणत नाहीत. २०१८च्या जागतिक व्याख्येनुसार, आधी ट्रोपोनिन सामान्य असलेल्या रुग्णात ४८ तासांच्या आत ते वरच्या मर्यादेच्या पाचपटीपलीकडे गेलं आणि जोडीला ईसीजी, सोनोग्राफीसारखी तपासणी किंवा अँजिओग्राफी यांतला एखादा पुरावा असला, तरच अँजिओप्लास्टीमुळे आलेला अटॅक म्हणायचं. बायपासनंतर हीच मर्यादा दहापट धरतात, कारण उघड्या शस्त्रक्रियेत हृदयाला हात लागतोच. रिपोर्टमध्ये "ट्रोपोनिन वाढलं आहे" एवढंच वाचून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी किती पट वाढलं आणि सोबत आणखी काही दिसलं का, हे दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत.

पहिला पहारा: गुठळीवर

तळहातावरच्या गोळ्यांत ॲस्पिरिन हमखास असतं. लोक तिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. रक्त काही पाण्यासारखं पातळ होत नाही. रक्तात प्लेटलेट्स नावाच्या चपट्या, बारीक पेशी फिरत असतात. जखम दिसली की त्या एकमेकींना चिकटून बांध घालतात. प्लेटलेट एक रसायन सोडून बाकीच्यांना हाक मारते. ते रसायन बनवणारं यंत्र ॲस्पिरिन कायमचं बंद पाडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं यंत्र तिला बनवता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, मुकीच राहते. इतकी साधी आणि जुनी गोळी इतकं काम करते याचं मला अजून नवल वाटतं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ हार्ट अटॅकच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात महिनाभर रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणानं होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले.

पण प्लेटलेट्सना हाका मारायचे मार्ग अनेक आहेत. एक बंद केला तर त्या दुसरा वापरतात. म्हणून सोबत दुसरी गोळी: क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. या तिन्ही एकाच दुसऱ्या दरवाज्याला कुलूप लावतात. फरक आहे तो कुलूप किती लवकर बसतं आणि किती घट्ट बसतं, यात.

क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते औषध नसतंच. यकृतातली एन्झाइमं दोन टप्प्यांत त्याचं खऱ्या औषधात रूपांतर करतात, आणि त्यातही घेतलेल्या डोसचा थोडाच भाग कामाला येतो. ३०० मिलिग्रॅम घेतले तर पुरता परिणाम यायला सहा तास किंवा जास्त, ६०० घेतले तर दोन तासांच्या आसपास. म्हणून ही गोळी आदल्या रात्री किंवा निदान काही तास आधी द्यावी लागते. काहींच्या यकृतातलं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांनी गोळी वेळेवर घेतली तरी कुलूप अर्धवटच बसतं. प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर यांना इतकी वाट पाहावी लागत नाही. तब्येत स्थिर असेल तर अर्ध्या ते एका तासात त्यांचं काम सुरू होतं.

मग साहजिक प्रश्न असा, की सगळ्यांनाच, दवाखान्याच्या दारात पाऊल ठेवल्याबरोबर ही जोरदार गोळी का देऊ नये? कित्येक वर्षं डॉक्टर तसंच करत होते. जितकं लवकर तितकं चांगलं, यात शंका घेण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

२०१३मध्ये अकोस्ट नावाच्या चाचणीनं हा समज हलवला. छोटा हार्ट अटॅक, म्हणजे धमनी पूर्ण बंद न झालेला प्रकार, असलेले ४,०३३ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना अँजिओग्राफीच्या आधीच प्रासुग्रेलचा काही डोस दिला. बाकीच्यांना आधी काही न देता, धमन्या पाहून अँजिओप्लास्टी करायचं ठरल्यावर औषध दिलं. सात दिवसांनी मृत्यू, नवा अटॅक यांसारख्या वाईट घटनांत दोन्ही गटांत फरक नव्हता: आधी औषध दिलेल्यांत १० टक्के आणि बाकीच्यांत ९.८ टक्के. मोठा रक्तस्राव मात्र आधी औषध दिलेल्यांत २.६ टक्के आणि दुसऱ्या गटात १.४ टक्के झाला.

कारण विचार केला तर समजण्यासारखं आहे. अँजिओग्राफीच्या आधी धमन्या आत कशा आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. काहींना ब्लॉकेज नसतंच आणि छातीतल्या दुखण्याचं कारण वेगळं निघतं. काहींना तीनही धमन्यांत इतके अडथळे निघतात, की बायपासच करावा लागतो. त्यांच्या अंगात हे औषध भिनलेलं असेल तर शस्त्रक्रिया खोळंबते: टिकाग्रेलॉर निदान तीन दिवस, क्लोपिडोग्रेल पाच, प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवावं लागतं. २०२०च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच स्पष्ट म्हटलं, की अशा रुग्णाची अँजिओग्राफी लवकर होणार असेल आणि धमन्यांची स्थिती माहीत नसेल, तर ही दुसरी गोळी सरसकट आधी देऊ नये. तुमच्या नातेवाइकाला ॲस्पिरिन दिलं आणि "दुसरी गोळी उद्या टेबलावरच देऊ" असं सांगितलं, तर तो हलगर्जीपणा समजू नका. बहुतेक वेळा तो विचार करून घेतलेला निर्णय असतो.

धमनी पूर्ण बंद झालेल्या मोठ्या अटॅकमध्ये गणित निराळं होतं, कारण तिथे अँजिओप्लास्टी होणार हे जवळजवळ नक्की असतं. २०१४च्या अटलांटिक चाचणीत १,८६२ रुग्णांपैकी काहींना टिकाग्रेलॉर रुग्णवाहिकेतच दिलं, बाकीच्यांना कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत. दोन्हींत अंतर साधारण ३१ मिनिटांचं पडलं. फुगा घालण्याआधीच धमनी उघडलेली सापडेल ही आशा फोल ठरली. पण महिन्याभरात स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आलं. इथे आणखी एक अडचण असते. अटॅकमध्ये पोट आणि आतडी सुस्तावतात, आणि वेदनेसाठी मॉर्फिन दिलं असेल तर आणखीच. गोळी गिळली, तरी ती पोटातच पडून राहते. काही ठिकाणी अशा वेळी गोळी कुटून पाण्यातून देतात, ती थोडी लवकर शोषली जाते. खुद्द कॅथलॅबमध्ये शिरेतून हेपारिन देतात, ते रक्त गोठण्याची दुसरी साखळी तोडतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचं दुसरं काम

मुठीतली एक गोळी बघून लोक चक्रावतात. "कोलेस्टेरॉल तर महिनोन्‌महिने औषध घेऊन उतरतं, मग आज रात्री एकदम मोठा डोस का?" प्रश्न अगदी रास्त आहे. ॲटोर्वास्टॅटिनसारखं स्टॅटिन एका रात्रीत प्लाक विरघळवत नाही.

पण यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारी जी साखळी स्टॅटिन अडवतं, तिच्यातूनच पेशींना सूज आणि चिकटपणाचे निरोप देणारे काही रेणूही तयार होतात. ते कमी झाले की धमनीच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतं, वाहिन्या सैल राहतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स भिंतीला कमी चिकटतात. हे परिणाम काही तासांपासून काही दिवसांत दिसू शकतात.

इटलीतल्या आर्मिडा चाचणीनं २००४मध्ये हे पहिल्यांदा ठसठशीत दाखवलं. स्थिर तब्येतीच्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना अँजिओप्लास्टीच्या आधी सात दिवस रोज ४० मिलिग्रॅम ॲटोर्वास्टॅटिन दिलं. प्रक्रियेमुळे होणारा छोटा अटॅक त्यांच्यात ५ टक्के जणांना आला, बाकीच्यांत १८ टक्के. २००९मध्ये नेपल्समधल्या ६६८ रुग्णांच्या चाचणीत आदल्या दिवशीचा ८० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरला: ९.५ टक्के विरुद्ध १५.८.

अशा छोट्या चाचण्यांचे आकडे फार गोड असतात, आणि त्यांच्याबद्दल थोडं सावध राहावं असं मला वाटतं. २०१८मध्ये ब्राझीलमधल्या सिक्युअर-पीसीआय चाचणीत ४,१९१ अटॅकचे रुग्ण होते. निम्म्यांना ॲटोर्वास्टॅटिनचे ८० मिलिग्रॅमचे दोन डोस दिले, एक आधी आणि एक २४ तासांनी. एका महिन्यात मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा तातडीची प्रक्रिया यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ६.२ टक्के आणि न घेतलेल्यांत ७.१ टक्के निघालं. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. ज्यांची अँजिओप्लास्टी खरोखर झाली अशा सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत मात्र ६ टक्के विरुद्ध ८.२ टक्के, म्हणजे फायद्याकडे झुकणारं चित्र दिसलं. पण गट मागाहून वेगळा काढून पाहिला की अशा निकालावर पूर्ण भार टाकता येत नाही. २०१९च्या युरोपीय सूचना म्हणतात, अँजिओप्लास्टीआधी मोठ्या डोसचा विचार करावा. सक्ती नाही, आणि ते मला योग्य वाटतं. अटॅकच्या रुग्णाला हे औषध तसंही पुढे कायम घ्यायचंच असतं; ते एक दिवस आधी सुरू केल्यानं गमावण्यासारखं फार काही नाही.

बायपासच्या बाबतीत मात्र हीच कल्पना चालली नाही. २०१६च्या चाचणीत १,९२२ रुग्णांपैकी निम्म्यांना हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या आधी रोसुवास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन दिलं. हृदयाच्या स्नायूचं नुकसान कमी झालं नाही, ठोक्यांची अनियमितता कमी झाली नाही, उलट मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण थोडं वाढलं. एकाच जातीचं औषध, एकच हृदय. पण धमनीत फुगा फुगवणं आणि छाती उघडून हृदय थांबवणं या शरीराला अगदी वेगळ्या घटना वाटतात.

स्नायूला आधीच सावध करता येईल का?

या विषयातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात चटका लावणारा भाग आता येतो.

छातीत कळ येणारे काही रुग्ण पूर्वीपासून एक गोष्ट सांगत आले आहेत: सकाळी चालायला निघालं की पहिल्या चढावर दुखतं, थोडं थांबलं की जातं, आणि मग तोच चढ पुन्हा चढलं तर दुखतच नाही. अठराव्या शतकातले इंग्लिश डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी अशाच एका रुग्णाची नोंद करून ठेवली आहे. तो रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि त्यानंच जवळजवळ बरा झाला. पहिला ताण हृदयाला काहीतरी शिकवून जातो, एवढं दिसत होतं. काय ते कळत नव्हतं.

१९८६मध्ये अमेरिकेत चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयांवर एक प्रयोग केला. अपेक्षा उलटी होती. वारंवार थोडा थोडा वेळ रक्त अडवलं तर नुकसान साठत जाईल, असं वाटायचं. त्यांनी धमनी पाच मिनिटं बंद केली, पाच मिनिटं उघडली, असं चार वेळा केलं, आणि मग ४० मिनिटं सलग बंद ठेवली. ज्या कुत्र्यांची धमनी थेट ४० मिनिटं बंद केली होती, त्यांच्यात धोक्यातल्या स्नायूपैकी सुमारे २९ टक्के मेला. आधी चार वेळा सराव दिलेल्यांत फक्त ७ टक्के. याला इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात; आपण सरावाची ढाल म्हणू. याच प्रयोगात ४० मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवल्यावर ढाल निरुपयोगी ठरली. ती वेळ वाढवून देते, अमरत्व देत नाही.

ही ढाल बनते कशी, यावर पुढची वीस वर्षं काम झालं. रक्त थांबलं की स्नायूपेशीत प्राणवायू संपतो, आम्ल साठतं, ते बाहेर काढताना सोडियम आत येतं आणि त्यापाठोपाठ कॅल्शियम. गंमत पाहा, बराच घात रक्त परत येतं तेव्हा होतो. प्राणवायूचा लोट येतो, आम्ल एकदम धुऊन जातं, आणि पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, म्हणजे मायटोकाँड्रियाच्या, भिंतीत एक भोक उघडतं. ते उघडलं की ऊर्जाघर फुगतं, फुटतं आणि पेशी मरते. जीव वाचवणारं रक्तच घाव घालतं. काही संशोधकांच्या अंदाजानं अटॅकनंतर मेलेल्या स्नायूचा निम्म्यापर्यंत भाग या परतीच्या घावामुळे मरत असावा. सरावाची ढाल ॲडेनोसिनसारख्या रेणूंच्या निरोपातून काम करते आणि शेवटी त्या भोकाचं दार काही काळ मिटवून ठेवते.

अँजिओप्लास्टीत ही ढाल माणसातही पाहता आली. सुरुवातीच्या काळात फुगा दीड-दोन मिनिटं फुगवून ठेवायचे. पहिल्या वेळी छातीत कळ येई आणि ईसीजी बदले. काही मिनिटांनी दुसऱ्यांदा फुगवला की दोन्ही कमी. ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची जुनी गोळी आधी दिली तर हा फरक नाहीसा होई, कारण ती ज्या पोटॅशियमच्या वाटा बंद करते त्याच या ढालीला लागतात. तेव्हा वाटलं, आता फक्त त्या वाटा उघडणारी किंवा ते भोक मिटवणारी गोळी सापडायची बाकी आहे.

उमेदवार खूप होते. निकोरँडिल त्या पोटॅशियमच्या वाटा उघडतं. अँजायनावर, म्हणजे छातीतल्या त्या कळेवर, ते उपयोगी आहेच. पण २००७मध्ये जपानमधल्या जे-विंड चाचणीत अटॅकच्या रुग्णांना ते शिरेतून दिलं, तेव्हा मेलेल्या स्नायूचा आकार कमी झाला नाही. अवयव-प्रत्यारोपणात वापरलं जाणारं सायक्लोस्पोरिन ते भोक मिटवतं. २००८मध्ये ५८ रुग्णांवरच्या फ्रेंच चाचणीत नुकसान बरंच कमी दिसलं आणि सगळीकडे आनंद झाला. २०१५मध्ये ९७० रुग्णांवर ते पुन्हा पाहिलं: वाईट परिणाम औषध घेतलेल्यांत ५९ टक्के आणि न घेतलेल्यांत ५८.१ टक्के. काहीच फरक नाही. मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध, अँजिओप्लास्टीच्या आधी शिरेतून दिल्यावर २०१३मध्ये २७० रुग्णांत मेलेला स्नायू सरासरी ३२ ग्रॅमवरून २५.६ ग्रॅमवर आला. २०१६मध्ये ६८३ रुग्णांत तसं काही दिसलं नाही.

मग कुणाला सुचलं, की ढाल हृदयातच तयार व्हायला हवी असं कुठे आहे? दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो पाच मिनिटं घट्ट फुगवायचा, पाच मिनिटं सोडायचा, असं तीन-चार वेळा. हातातून निघालेला निरोप रक्तावाटे आणि नसांवाटे हृदयापर्यंत पोचतो. औषध नाही, खर्च नाही, त्रास थोडा. २००९मध्ये ठरवून अँजिओप्लास्टी केलेल्या रुग्णांत यानं ट्रोपोनिन कमी वाढलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनापासून वाटलं होतं, हे जगभर पसरणार. २०१९मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियातल्या ५,४०१ अटॅकच्या रुग्णांचा निकाल आला. वर्षभरात हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दाखल व्हावं लागणं: पट्टा बांधलेल्यांत ९.४ टक्के, न बांधलेल्यांत ८.६. उपयोग शून्य.

असं का व्हावं? एकच उत्तर नाही, पण काही कारणं पटतात. प्रयोगशाळेतला प्राणी तरुण आणि निरोगी असतो. कॅथलॅबमधला माणूस साठीचा, मधुमेही, वाढलेल्या रक्तदाबाचा असतो, आणि अशा हृदयात निरोपांच्या त्या वाटा आधीच मंदावलेल्या असतात. त्याला आधीच स्टॅटिन आणि प्लेटलेट्सवरच्या गोळ्या मिळालेल्या असतात. त्यांतल्या काहींची स्वतःची थोडी ढाल असते, म्हणून नवीन औषधाला भर घालायला जागा उरत नाही. शस्त्रक्रियेत प्रोपोफॉल या भुलीच्या औषधावर संशय आहे, की ते निरोप अडवतं. शिवाय, अटॅक कधी येईल हे आधी कळत नाही. आधीच सराव द्यायची संधीच मिळत नाही. आणि हल्ली धमनी इतक्या लवकर उघडतात, की वाचवायला उरलेला स्नायूच कमी असतो. हे शेवटचं कारण मात्र आनंदाचं आहे.

बायपासमध्ये स्नायू वाचवणारा एक उपाय खरोखर रुजला. शस्त्रक्रियेत हृदय थांबवताना पोटॅशियमयुक्त थंड द्रव त्याच्या धमन्यांत सोडतात. याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. १९५५मध्ये डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियमनं हृदय थांबवून दाखवलं, पण त्यांचा डोस इतका तीव्र होता की स्नायूला इजा व्हायची आणि ती पद्धत मागे पडली. सौम्य मिश्रणं आल्यावर, सत्तरच्या दशकात ती परतली आणि टिकली. थांबलेलं, गार हृदय फार थोडी ऊर्जा खातं, म्हणून उपाशी राहूनही तगतं.

पण त्याहून पुढे जायच्या प्रयत्नात कॅरिपोराइडचा धडा आहे. पेशीत सोडियम शिरायची वाट हे औषध अडवतं. बायपासच्या ५,७६१ रुग्णांत त्यानं अटॅक खरोखर कमी केले, १८.९ टक्क्यांवरून १४.४वर. हृदयाचं रक्षण झालं. त्याच वेळी मृत्यू १.५ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर गेले, मुख्यतः पक्षाघातामुळे. औषध बाजारात आलं नाही. ट्रोपोनिन कमी झालं म्हणजे माणूस वाचला असं धरून चालता येत नाही, हे या एका चाचणीनं जितकं स्पष्ट सांगितलं तितकं दुसऱ्या कशानंही नाही.

आदल्या दिवशी काय बोलावं

रोज घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी लिहूनच न्या, आठवणीवर विसंबू नका. वॉरफरिन किंवा तत्सम रक्त गोठू न देणारी गोळी चालू असेल, कधी पक्षाघात येऊन गेला असेल, पोटातून किंवा शौचावाटे रक्त गेलं असेल, ॲस्पिरिननं दमा उसळत असेल, तर हे विचारायची वाट न पाहता सांगा. पक्षाघात होऊन गेलेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत, आणि ही एक गोष्ट राहून गेली तर जिवावर बेतू शकतं. टिकाग्रेलॉरनं काहींना धाप लागल्यासारखं वाटतं. हृदय बिघडलं असं समजून घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर अँजिओग्राफीत वापरायच्या रंगद्रवामुळे ते थांबवायचं का, हे मूत्रपिंडाच्या रिपोर्टवरून ठरतं. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) जातीची गोळी घेतली असेल तर संकोच करू नका. वाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरिन कॅथलॅबमध्ये सर्रास देतात, आणि दोन्ही एकत्र आलं तर रक्तदाब धोकादायक खाली जातो.

यातलं काहीही स्वतःच्या मनानं बंद किंवा सुरू करायचं नाही. स्टेंट बसल्यावर तर ही गोष्ट आणखी गंभीर होते. धातूच्या जाळीवर शरीराचं अस्तर चढायला आठवडे, महिने लागतात, आणि तोवर प्लेटलेट्सना ती उघडी जखमच वाटते. म्हणून स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने आणि अटॅकनंतर बहुधा वर्षभर दोन्ही गोळ्या चालू ठेवतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर हा काळ कमी करतात, पण तो निर्णय डॉक्टर घेतात. मध्येच दात काढायचा असला आणि दंतवैद्यांनी "गोळी चार दिवस बंद करा" असं सांगितलं, तरी आधी स्टेंट घातलेल्या डॉक्टरांना फोन करा. दात बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढता येतो.